जावयाची दुसरी सुई

मुधोळच्या सरकारी दवाखान्यात डोमाजी बावीस वर्षं ड्रेसर होता. निजामाच्या अमलात नोकरीला लागला, पोलीस ॲक्शनमध्ये टिकला, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या छप्पन साली चव्वेचाळीस वर्षांचा होता. शिक्षण उर्दू चौथीपर्यंत, पण हात हलका. कुऱ्हाड लागलेला पाय असो की बैलाचं शिंग घुसलेली मांडी, डोमाजीनं पट्टी बांधली की माणूस फारसा न कण्हता घरी जायचा. लोक त्याला ‘दरेसर’ म्हणत, आणि पुष्कळांना ते त्याचं आडनावच वाटायचं.

त्या वर्षी मुधोळात कोणालाच काही धड कळत नव्हतं. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात जाणार, पण मुधोळ तालुका नांदेडातून काढून आदिलाबादला जोडणार, आणि आदिलाबाद आंध्रात जाणार, असं लोक म्हणत. कोणी म्हणे कागद आला, कोणी म्हणे आलेला कागद परत गेला. तहसिलीतले जन्मभर उर्दू लिहिलेले कारकून म्हातारपणी इंग्रजीचं पुस्तक उघडून बसले होते. बाजारात माणसं भाजी घेता घेता एकमेकांना विचारत, “आपून आता कोनाचे?” डोमाजी त्या बोलण्यात पडत नसे. त्याच्या डोक्याला दुसराच घोर होता, आणि तो नव्या डॉक्टरांनी लावला होता.

डॉक्टर वेंकटस्वामी वरंगलकडचे. मोठ्या लढाईत ते पलटणीबरोबर ब्रह्मदेशात होते. मराठी त्यांना येत नव्हती, दखनी हिंदीत बोलत. आल्याबरोबर त्यांनी जुनं रजिस्टर चाळलं आणि कपाळाला हात लावला. परम्याचे रोगी पानापानावर होते. लघवीला आग, कपड्याला डाग, आणि बाकावर सगळ्यांत शेवटी बसायची धडपड, यावरून ते रोगी डोमाजीला लांबूनच ओळखू यायचे. कापसाचा हंगाम सुरू झाला की गाडीवान, तोलारी, फिटर, आडते आठ-आठ दिवस शेजारच्या भैंसा गावच्या जिनिंगवर राहायचे. तिथून जे घेऊन यायचं ते घेऊन यायचे, पेनिसिलीनची सुई टोचून घ्यायचे, बरे व्हायचे, आणि पुढच्या हंगामात तीच माणसं पुन्हा त्याच बाकावर.

एका दुपारी डॉक्टरांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढून डोमाजीसमोर ठेवला. आत कागदाच्या छोट्या पाकिटांत रबराच्या वस्तू होत्या.

“सुई मैं देता हूँ, ये तुम देना. और समझाना.”

“क्या समझाना, साब?”

डॉक्टरांनी सांगितलं. पलटणीतल्या जवानांना सांगावं तसं, उभ्या उभ्या, दोन मिनिटांत. डोमाजी खाली मान घालून ऐकत राहिला. डॉक्टर त्या वस्तूला ‘गिलाफ’ म्हणाले. गिलाफ म्हणजे उशीची खोळ, एवढं डोमाजीला ठाऊक होतं. पण रोग्यासमोर ‘खोळ’ म्हणायला जीभ वळेना. मग तो ‘टोपी’ म्हणायला लागला.

पहिली टोपी त्यानं धोंडीबा गाडीवानाला दिली. धोंडीबानं ती उलटीसुलटी केली आणि बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दरेसर, हे उन्हाचं दुखणं हाय. गाडीवर बसून बसून उष्णता खाली उतरते. डोक्याले घालाची टोपी देल्ली असती तं समजलो असतो.” सगळे हसले. डोमाजीही हसला. पंधरा दिवसांनी तोच धोंडीबा बाजारात भेटला तेव्हा तो त्या रबरातून तंबाखू काढून तळहातावर घेत होता. “पावसात सादळत नाय,” तो म्हणाला. “लई कामाची चीज देल्ली तुमी.”

उत्तमराव आडत्यानं तर हातच लावला नाही. “हे पलटनीतल्या मानसायचं हाय, डोमाजी. आमी घरंदाज.”

“पुन्हा झालं तं?”

“तं पुन्हा सुई. सरकारची सुई हाय का नाय? मंग?”

खरं सांगायचं तर डोमाजीला ते बोलणं पटलं.

पण सगळ्यांत जास्त डोक्यात राहिला तो एक नुकतं लग्न झालेला तरुण शेतकरी. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, “हे घातलं तं बायकोले कळंन ना?”

“कळंन.”

“मंग ती विचारंन, आजच काऊन घातलं म्हून. तवा काय सांगू?”

त्या पोरानं पाकीट टेबलावर ठेवलं, धोतर सावरलं आणि निघून गेला. रोग लपवता येतो, टोपी लपवता येत नाही, असा त्याचा हिशेब होता, आणि तो चुकीचा म्हणावा तर कुठं चुकीचा हे डोमाजीला दाखवता आलं नसतं.

मुळात डोमाजीलाच खात्री नव्हती. परमा उष्णतेनं होतो हे त्यानं बापाकडून ऐकलं होतं. एक दिवस धीर करून त्यानं डॉक्टरांना विचारलं, “साब, ये गरमी से नहीं होता क्या?” डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी त्याला खिडकीशी नेलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावायला सांगितलं. डोमाजीला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग हळूहळू गुलाबी ठिपके दिसायला लागले. तुरीचा दाणा फुटून दोन डाळी शेजारी पडाव्यात तसे, जोडीजोडीनं.

“यही है परमा,” डॉक्टर म्हणाले. “मरद से औरत को, औरत से मरद को. गरमी का कुछ काम नहीं.”

डोमाजीनं पाहिलं ते खोटं नव्हतं. पण बाहेर आला तर बाकावर वैशाखात रापलेला एक माणूस घाम पुसत बसला होता, डोळे लाल, ओठ फुटलेले. त्याच्याकडे बघून वाटलं, उष्णताही आहेच की. दोन्ही गोष्टी खऱ्या वाटायच्या आणि त्या एकमेकींत बसायच्या नाहीत. तरी तो सांगत राहिला, कारण सांगणं ही नोकरी होती.

त्या आश्विनात बासरला नवरात्राची गर्दी झाली. पटकीची लस टोचायला डोमाजीला तिकडे पाठवलं. नऊ दिवस तो गोदावरीच्या काठी तंबूत होता. परत आला तेव्हा डॉक्टरांनी रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“ये आदमी एक सुई लेके गया. दूसरी बाकी है, आया नहीं. भैंसा जाके ढूंढो. बीवी को भी लाना. बीवी को नहीं दिया तो मरद को फिर होगा, और बीवी की कोख बंद हो जायेगी.”

डोमाजीनं ओळ वाचली. केशवराव. राहणार भैंसा. धंदा, जिनिंगमध्ये फिटर. उमर सव्वीस.

त्यानं पुन्हा वाचली. केशवराव त्याचा जावई होता. बयना, त्याची एकुलती एक लेक, तीन वर्षांपूर्वी त्या घरात दिली होती. अजून मूलबाळ नव्हतं, आणि सासरची माणसं त्यावरून बयनालाच बोलत. सासरा बासरला गेलाय हे केशवरावाला बयनाकडूनच कळलं असणार आणि त्यानं नेमका तोच मोका साधला असणार, हे डोमाजीच्या लक्षात आलं. डॉक्टरांना हे नातं माहीत नव्हतं. डोमाजीनं सांगितलंही नाही. “जी साब,” एवढंच म्हणाला आणि बाहेर येऊन पट्ट्यांची गुंडाळी करायला बसला. केलेली गुंडाळी उलगडायचा आणि पुन्हा करायचा.

त्याला राग येत होता, पण कोणाचा ते ठरत नव्हतं. जावयाचा म्हणावा, तर वर्षभर असल्याच माणसांशी तो हसून बोलत होता. त्यांच्या बायकांचा विचार कधी मनात आला नव्हता. रजिस्टरमध्ये पुरुषांचीच नावं होती, बायकांचा तिथं रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोटाच्या खिशात तीन पाकिटं टाकून तो मोटारीनं भैंशाला गेला. केशवराव जिनिंगच्या फाटकाबाहेर आला, हाताला तेल, केसांत कापसाची तुसं. “मामा, अचानक?” त्यानं वाकून नमस्कार केला. दोघं लिंबाखाली उभे राहिले. डोमाजीनं मशीन कसं चाललंय ते विचारलं. केशवरावानं सांगितलं. मग डोमाजीनं यंदा कापूस कसा आहे ते विचारलं. तेही सांगून झालं. वर्षभर परक्या माणसांना सांगून घोटलेली वाक्यं होती, त्यातलं एकही ओठावर येईना. सासऱ्यानं जावयासमोर ढेकर देतानाही तोंड फिरवायचं असतं, तिथं हे कसं बोलायचं?

“दिवाळीले या,” तो शेवटी म्हणाला. “बयनाले घेऊन या.”

“येतो ना,” केशवराव म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता की डोमाजीलाच तसं वाटलं, कोण जाणे. आलेल्या मोटारीनंच डोमाजी परतला.

पाकिटं खिशातच राहिली. दिवाळीच्या तोंडावर राहीबाईनं, त्याच्या बायकोनं, धुवायला कोट घेतला आणि ती तिच्या हाताला लागली. डोमाजी दुपारचं जेवायला आला तेव्हा ताटाशेजारी तिन्ही पाकिटं मांडून ठेवलेली होती.

“हे काय हाय?”

“दवाखान्यातलं.”

“दवाखान्यातलं दवाखान्यात ऱ्हाते. तुमच्या खिशात काऊन?” तिचा आवाज चढला नव्हता, पण ती समोर बसली नव्हती, उभी होती. “पाणवठ्यावर बायका बोलून राह्यल्या होत्या, दरेसर टोप्या वाटते म्हून. त्याच ना ह्या? मंग खरं सांगा. कुठी जाता तुमी? त्या दिवशी भैंशाले गेल्ते ते काऊन गेल्ते?”

“तसं नाय, बयनाची माय.”

“मंग कसं हाय?”

डोमाजीनं हातातला घास ताटात ठेवला. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोग्याचं नाव दवाखान्याबाहेर जाता कामा नये. पण घरचंच माणूस बाहेरचं कुठं होतं? की होतं? त्याला समजेना. तो बोलला. रजिस्टरमधली ओळ सांगितली, राहिलेली सुई सांगितली, आणि बयनालाही सुई द्यावी लागणार हे सांगितलं.

राहीबाई भिंतीला टेकून खाली बसली.

“श्रावणापासून पोट दुखते म्हून निरोप धाडून राह्यली पोरगी,” ती म्हणाली. “मी धन्याचं पाणी पे म्हून सांगितलं. उष्णता झाली म्हटलं.” मग तिनं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, “तुमी जावयाले बोलले का नाय?”

“बोलता आलं नाय.”

“लोकाच्या जावयाले बोलता येते?”

डोमाजीला वाटलं ती शिवी देईल तर बरं. तिनं दिली नाही. पाकिटं पदरानं पुसून त्याच्या हातात ठेवली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला तालुका आदिलाबादला जोडला गेला. त्याच आठवड्यात दिवाळी होती. सकाळी तहसिलीसमोर माणसं जमली, भाषण झालं, ते कोणत्या भाषेत झालं यावर दुपारपर्यंत वाद चालला. केशवराव आणि बयना आदल्या दिवशीच आले होते. डोमाजीनं जावयाला म्हटलं, “चला, दवाखाना दाखवतो.” पाहिलेला दवाखाना पुन्हा काय पाहायचा, असं केशवराव म्हणाला नाही. मुकाट्यानं चालू लागला.

मलमपट्टीच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. डोमाजीनं पांढरा कोट चढवला. घरच्या सदऱ्यात आपल्याला बोलता येणार नाही हे त्याला माहीत होतं. टेबलाच्या पलीकडे उभा राहून, जावयाकडे न बघता, बाटल्यांच्या फळीकडे बघत त्यानं सुरुवात केली. “रोगी केशवराव. एक सुई झाली, दुसरी बाकी. घरच्या मानसालेबी सुई लागते. दोघं चांगले होईपावतर हे वापरा लागते.”

त्यानं पाकिटं टेबलावर ठेवली.

केशवराव लाल झाला. “मामा, तुमाले हे शोभते का?”

“मी ड्रेसर म्हून बोलून राह्यलो.”

“पहिल्याच सुईनं बरं वाटलं मले. मंग दुसरी कशाले? आन हे? घरच्या बायकोसंग हे? ती का बाजारातली हाय?”

डोमाजीला आठवलं, उत्तमरावांनीही दुसऱ्या शब्दांत हेच म्हटलं होतं, आणि तेव्हा ते त्याला पटलं होतं.

“आन बयनालेबी सुई म्हंता,” केशवरावाचा आवाज बारीक झाला. “म्हंजे तिलेबी हाय. कोनाले ठाव, मले तिच्याकडूनच...”

“बाजारात तुमी गेल्ते, केशवराव. ती नाय गेल्ती.”

डोमाजी जन्मात जावयाला असं तोडून बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्यानं टेबलावरची पाकिटं उगाच सरळ केली. केशवराव दाराकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. “मानसं जिनिंगवर आठ-आठ दिवस एकटी ऱ्हातात,” तो चौकटीकडे बघत म्हणाला. “त्याइच्यासंग सगळेच जातात. मी एकलाच नाय.” आणि निघून गेला. पाकिटं टेबलावरच राहिली.

डोमाजी तिथंच स्टुलावर बसला. त्याला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. मग वाटलं, हे लिंबाखालीच बोलायला हवं होतं. मग वाटलं, लेकीला आता पाठवायचंच नाही. पण न पाठवायचं कारण गावाला काय सांगायचं?

तिसऱ्या प्रहरी राहीबाई बयनाला घेऊन दवाखान्यात आली. डॉक्टरांनी तपासलं, सुई दिली. रोग्याशी डोमाजीचं नातं काय हे त्यांना तेव्हा कळलं. ते डोमाजीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेले. राहीबाई पाणी आणायला गेली. बाप आणि लेक दोघंच उरले.

“कशाची सुई हाय हे, तुले...” डोमाजीनं विचारायला सुरुवात केली.

“ठाव हाय मले, बा.” बयना खिडकीबाहेर बघत होती. “धोतरं मीच धुतो ना. भादव्यापासून ठाव हाय.”

“मंग बोलली काऊन नाय?”

“कोनाले बोलू? तुमाले?”

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला, कोणी तरी कोणाला हाक मारली. बयना उठली. टेबलावरच्या पाकिटांकडे बोट दाखवून म्हणाली, “हे त्याइले देऊ नका. मले द्या.”

डोमाजीला ऐकलेलं खरं वाटेना. वर्षभर त्यानं ती वस्तू दीडशे पुरुषांच्या हातात ठेवली होती. बाईच्या हातात द्यावी हे ना त्याच्या डोक्यात आलं होतं, ना डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि ती बाई म्हणजे स्वतःची पोटची पोर. द्यावं तर बाप म्हणून तोंड लपवायची पाळी, न द्यावं तर ड्रेसर म्हणून. त्यानं तोंड फिरवून पाकिटं पुढं केली.

“सावलीत ठेव,” तो भिंतीला म्हणाला. “उन्हानं रबर जाते.”

बयनानं ती कुंकवाच्या पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी केशवराव डॉक्टरांसमोर जाऊन बसला आणि दुसरी सुई टोचून घेतली. त्याला कोणी आणलं, काय सांगून आणलं, हे डोमाजीला कधीच समजलं नाही. बयनाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दिवाळी उरकून, फराळाचा डबा घेऊन दोघं मोटारीत बसली. डोमाजी हात जोडून उभा होता. केशवरावानंही हात जोडले.

संक्रांतीला भैंशाहून येणाऱ्या एका बाईजवळ तिळगूळ आला आणि त्याबरोबर निरोप, “बाले सांगा, ते औषध सरलं. आनखी पाठवा.”

डोमाजी तो निरोप ऐकून आधी खुश झाला. मग विचारात पडला. सरलं म्हणजे वापरलं. पण दोघं बरे झाले असतील तर आणखी कशाला? म्हणजे तो अजून जातो? की जात नाही, पण जाईल अशी तिला भीती आहे? की तो स्वतःच मागतोय आणि नाव तिचं पुढं करतोय? राहीबाईला विचारलं तर ती म्हणाली, “मागितलं तं द्या. शोध काऊन लावता?”

पण देणार कुठून? डबा रिकामा झाला होता. आधी माल नांदेडहून यायचा. आता तिथून उत्तर आलं, तुमचा तालुका आमच्याकडे राहिला नाही. नव्या जिल्ह्याला लिहिलं तर त्यांनी विचारलं, पूर्वी किती मिळत होतं त्याचा दाखला पाठवा. दाखला उर्दूत होता, तो इंग्रजीत करायला माणूस सापडेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, “तुम खुद जाओ.” डोमाजी त्यांची चिठ्ठी घेऊन पहिल्यांदाच आदिलाबादला गेला. निर्मळपर्यंत एक मोटार, पुढं घाटातून दुसरी. उतरला तेव्हा कान बधिर झाले होते, आणि आजूबाजूला चाललेलं निम्मं बोलणं त्याला कळत नव्हतं.

औषधांच्या कोठारात चष्म्याचा एक वयस्क कारकून होता. त्यानं चिठ्ठी वाचली, छापील कागद ओढला आणि उर्दूत विचारलं, “बीमारी के वास्ते लिखूँ, या औलाद रोकने के वास्ते? खाने दो हैं.”

खोलीत आणखी चार माणसं होती. डोमाजी त्या दोन रकान्यांकडे बघत राहिला. बीमारी म्हणावं तर दोघांनाही सुया टोचून झाल्या होत्या. औलाद रोखायला म्हणावं, तर पोर तीन वर्षं लेकरासाठी तळमळत होती. कूस शाबूत राहावी, पुढंमागं लेकरू व्हावं, म्हणून लेकरू होऊ न देणारी वस्तू तिला हवी होती. हे कोणत्या रकान्यात बसतं?

“बोलो मियाँ, किसके वास्ते?”

“मेरी बेटी के वास्ते,” डोमाजी म्हणाला.

त्याच्या तोंडून निघून गेलं. चारही माणसांनी वर पाहिलं. कारकुनानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. दोन्ही रकान्यांत थोडे थोडे आकडे लिहिले, शिक्का मारला आणि डबा बाहेर काढून दिला. “अल्लाह उसको खुश रखे,” तो हळू आवाजात म्हणाला. परतीच्या वाटेत डोमाजी तो डबा मांडीवर घेऊन बसला. आपण बरोबर बोललो की चूक, हे निर्मळ आलं तरी त्याला ठरवता आलं नाही.

बयनाचे निरोप वर्षभर येत राहिले, मग थांबले. थांबले ते चांगल्यासाठी की वाईटासाठी, यावर डोमाजीनं पुष्कळ दिवस काढले. साठ साली तिला मुलगी झाली. सुईमुळे झाली असं तोवर बदलून गेलेल्या डॉक्टरांनी पत्रात लिहिलं, बासरच्या देवीमुळे झाली असं राहीबाई म्हणाली. डोमाजीनं दोघांनाही नाही म्हटलं नाही.

केशवराव आणि तो त्या दिवसाबद्दल एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. सणावारी भेटायचे, मशीनबद्दल आणि कापसाबद्दल बोलायचे. बासष्टच्या हिवाळ्यात मात्र एकदा केशवराव न कळवता दवाखान्यात आला. बरोबर एक अंगापिंडानं दांडगा माणूस होता, खाली बघणारा.

“हा आमच्या जिनिंगवर नवीन फिटर हाय, मामा. मंचेरियलकडचा. सुई घेतली त्यानं. त्याले ते सांगा.”

“काय?”

“ते. तुमी सांगता ते.”

डोमाजीनं सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडला. त्या माणसाला मराठी येत नव्हती. हिंदीही जेमतेम. तालुका आंध्रात येऊन सहा वर्षं झाली होती, तरी डोमाजीची तेलुगू ‘नोप्पी’, ‘मंदू’, ‘रेपु रा’ यांच्यापुढं, म्हणजे दुखतं, औषध, उद्या ये, यांच्यापुढं गेली नव्हती. तो केशवरावाकडे बघायला लागला.

केशवराव जिनिंगवर तेलुगू शिकला होता. “तुमी बोला,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “मी त्याले सांगतो.”

मग डोमाजी एकेक वाक्य मराठीत जावयाला सांगत गेला आणि जावई ते तेलुगूत त्या माणसाला सांगत गेला. कशानं होतं. सुई पुन्हा पुन्हा घेऊन का भागत नाही. टोपी कशी वापरायची. जे सहा वर्षांपूर्वी बाटल्यांच्या फळीला सांगितलं होतं, ते सगळं आता समोरासमोर, सावकाश सांगावं लागलं, कारण अर्थ लागल्याशिवाय केशवरावाला ते पुढं सांगता येत नव्हतं. एकदोनदा त्यानं विचारलंही, “म्हंजे कसं, मामा?” आणि डोमाजीनं पुन्हा सांगितलं.

शेवटी डोमाजी म्हणाला, “त्याले सांगा, घरवालीलेबी सुई लागते. आन तिले खरं सांगा लागते.”

हे एवढंसं वाक्य. केशवराव ते तेलुगूत सांगायला लागला तो थांबेचना. हात हलवून बोलला, मध्येच अडखळला, आवाज खाली गेला, पुन्हा वर आला. तो दांडगा माणूस पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघत होता. डोमाजीला त्यातला एक शब्द कळला नाही. आपल्या एका वाक्यात जावयानं एवढं काय घातलं? स्वतःचं काही सांगितलं का? सांगितलं असेल तर काय?

तो माणूस पाकिटं खिशात घालून उठला. केशवरावानं सासऱ्याला वाकून नमस्कार केला आणि दोघं मोटारीकडे गेले. डोमाजीनं ते कधी विचारलं नाही.